फौजेनिशी आलेलं मूळ

पहिला गोळा ओढ्यात पडला तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळाच्या पडवीत भाकरी थापत होत्या. टेकडीखालून धडाड असा आवाज आला, खंडोबाच्या शिखरावरची पारवी उडाली आणि गावच्या बायका पोरं काखेत मारून गाभाऱ्याकडे धावल्या. आत्याबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, बस त्या खांबाला टेकून. नववा लागलाय तुला, कुठं पळतेस?"

मी पळत नव्हतेच. मला पडवीच्या कडेला जायचं होतं, कारण तिथून खालचा सगळा माळ दिसायचा. माळाच्या अलीकडे माझे सासरे हैबतराव आणि माझे धनी उभे होते, आणि ओढ्याच्या पलीकडे माझा पाठचा भाऊ बयाजी. आता सांगा, खांबाला टेकून बसवेल का?

त्या साली राज्याच्या दोन गाद्या झाल्या होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. माझं लग्न झालं तेव्हा एकच गादी होती. लग्नाच्या हळदीचा रंग उतरतो न उतरतो तोच सासर थोरल्या गादीकडे गेलं आणि माहेर धाकटीकडे. दोन्हीकडे निशाण भगवंच, आरोळी महादेवाचीच, आणि लढाईआधी अंगारा लावायचा तोही याच खंडोबाचा. भांडण कशाचं ते मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आता म्हातारपणी तर त्याची पर्वाच उरली नाही.

मला काळजी होती ती वेगळीच. आमच्यात पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी होतं. माहेराहून भाऊ मूळ घेऊन येतो, म्हणजे बहिणीला न्यायला येतो. त्या भावाला मुराळी म्हणतात. तो साडीचोळी आणतो, सासऱ्यांच्या पाया पडतो, चार दिवस पाहुणचार घेतो आणि मग लेक गाडीत बसते. बया सातव्या महिन्यात यायचा होता, पण फौजांनी वाटा अडवल्या. आठव्यात कुणी गर्भारशीला हलवत नाही. नववा लागला आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन करून बया आला एकदाचा, पण सोबत हत्ती, तोफा आणि धाकट्या गादीचे सगळे सरदार घेऊन. आत्याबाई आदल्या दिवशी ओढ्यापलीकडचे तंबू बघून म्हणाल्या होत्या की मूळ पाठवायची ही तऱ्हा आपण जन्मात पहिल्यांदा पाहतोय.

त्या असं बोलायच्या, पण रात्रभर त्यांचाही डोळा लागला नव्हता. माझा भाऊ आणि माझे सासरे समोरासमोर येणार होते. दोघांतला एक जरी पडला असता तरी मला माहेर तरी उरलं नसतं नाहीतर सासर तरी. भावाचं रक्त सांडलेल्या सासरी कशी राहणार, आणि सासऱ्यांना मारलेल्या हातचं पाणी माहेरी कशी पिणार? मी खंडोबाला नवस करायला गेले तर मला नवस काय करायचा तेच सुचेना. कुणाला यश दे म्हणू?

तर लढाई कशी झाली ते सांगते. शाहीर सांगतात ते ऐकू नका, ते तिथं नव्हते. मी होते.

आमच्या उजव्या अंगाला आमराई होती. तिथं आमच्या तोफा होत्या. डाव्या अंगाला जोंधळ्याचं रान होतं, पुरुषभर वाढलेलं, कणसाला आलेलं. तिथं आमच्या धन्यांचं पथक होतं. मधे मोकळा माळ, आणि त्या माळावर मामंजी आपल्या पांढऱ्या घोडीवर, मागे निशाण. समोर ओढा. ओढ्यापलीकडे त्यांची फौज, आणि सगळ्यांच्या मागे त्यांचे सेनापती हत्तीवर. ते इतके लांब होते की हत्ती मला बैलाएवढा दिसत होता.

सुरुवातीला नुसत्या तोफा चालल्या. त्यांचे गोळे ओढ्यात पडायचे आणि चिखल उडायचा, आमचे गोळे कुठं पडायचे ते देवाला ठाऊक. मग त्यांची डावी-उजवी हलली. त्यांचं एक मोठं पथक ओढा ओलांडून जोंधळ्यात घुसलं. तिकडून आमचेही घुसले. आणि गंमत अशी की दोन्ही पथकं आत गेली ती गेलीच. वरून बघावं तर नुसती कणसं हलताहेत, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मधूनच एखादा भाला वर दिसतोय. कोण कुणाच्या मागे लागलाय ते काही कळेना. मी तिकडे डोळे लावून बसले, कारण धनी तिथंच होते.

आत्याबाई भाकरीचं पीठ तसंच सोडून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा त्या जोंधळ्यात होता. त्यांनी माझा हात धरला.

तेवढ्यात आमराईत बोंब उठली. आमच्या तोफांच्या धुरानं आंब्यावरचं आग्या मोहोळ उठलं होतं. मेले गोलंदाज! तोफा कुठं लावल्या, तर मोहोळाखाली. आधी दोघे-तिघे डोकं धरून पळाले, मग सगळं पथकच पळत सुटलं. कुणी ओढ्यात उड्या टाकल्या, कुणी घोंगडीत गुंडाळून आडवे झाले, आणि बैल दावी तोडून थेट गावात गेले. समोरच्या फौजेला वाटलं असणार की आमचे लोक आपल्यालाच घाबरून पळताहेत, म्हणून ते जोरात ओरडत आमराईत शिरले. घटकाभरात तेही तसेच ओरडत बाहेर आले. एवढी काळजी मनात असूनही मला हसू आलं, आणि आत्याबाईंनी मला दंडाला चिमटा काढला. मग त्याही हसल्या.

पण हसणं फार टिकलं नाही. आमराईची फळी मोडली ती सावरायला मामंजींनी मधले निम्मे लोक तिकडे धाडले. जोंधळ्यातून कुणी परत येईना म्हणून उरलेल्यांतले बरेच डावीकडे पाठवले. शेवटी मधल्या माळावर मामंजी, निशाण आणि मूठभर स्वार एवढेच राहिले. आणि नेमकं तेव्हाच ओढ्यापलीकडून मधलं पथक निघालं. ताजं पथक, सकाळपासून जागचं हललेलं नव्हतं. पुढं तांबडा घोडा. तो घोडा मी ओळखला. माझ्या माहेरच्या घोडीचं ते शिंगरू, मी त्याला हातानं गूळ भरवला होता. त्याच्यावर बया होता.

आत्याबाईंनीही तो ओळखला असावा, कारण त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली. "तुझाच ना गं तो?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

मामंजींनी मग एक असं काम केलं की मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांनी डोक्यावरचा लोखंडी टोप काढला, खोगिराला अडकवला आणि एकटेच पुढं निघाले. भर लढाईत उघड्या डोक्यानं! त्यांचं टक्कल त्या उन्हात टेकडीवरूनही लखलखत होतं. मागचे स्वार पुढं यायला लागले तर त्यांनी हातानंच त्यांना थांबवलं. घोडी अगदी संथ चालवत होते, जसे काही शेतावर फेरी मारायला निघाले आहेत.

तांबडा घोडा भरधाव येत होता. मी डोळे मिटून घेतले. भिऊन मिटले, दुसरं काही नाही. खंडोबाला म्हटलं, आता तूच बघ, मला बघवत नाही.

मग आवाज थांबला. टापांचा आवाज एकदम थांबला. मी डोळे उघडले तर बया घोड्यावरून उतरलेला. तलवार त्यानं मातीत ठेवली होती, पायांतल्या वहाणा काढून बाजूला केल्या होत्या, आणि माझा पाठचा भाऊ, धाकट्या गादीचा सरदार, दोन्ही फौजांच्या मधोमध मामंजींच्या रिकिबीतल्या पायावर डोकं ठेवून उभा होता.

पुढचं बोलणं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जुळतं तेवढंच सांगते.

मामंजी म्हणाले, "बयाजीराव, उशीर केलात. सातव्यात येणार होता."

बया म्हणाला, "वाटा बंद होत्या, मामासाहेब."

"आणि आता उघडल्या?"

"आता मीच उघडल्या."

मामंजी खाली उतरले आणि त्यांनी बयाला उराशी धरलं. मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं मुलीकडच्याला असं धरायचं असतं, तो रिवाजच आहे. आणि इथं खरा घोटाळा झाला.

बयाच्या मागे उंटावर त्याचा नगारची होता, म्हादू. माझ्या लग्नात यानंच वाजवलं होतं. त्यानं बघितलं की मुलाकडचे आणि मुलीकडचे गळ्यात पडले, आणि त्याचे हात सवयीनं चालले. लग्नात व्याही एकमेकांना भेटतात तेव्हा जो ठेका वाजवतात, तोच त्यानं वाजवायला घेतला. लढाईचा नाही, व्याहीभेटीचा! अख्ख्या माळावर तो ठेका घुमला. तो ठेका न ओळखणारा माणूस त्या दोन फौजांत एकही नव्हता. सगळ्यांचीच लग्नं याच गावांमधून झालेली.

बयाचे स्वार काय समजले? की सरदार उतरला, पाया पडला, भेट झाली, म्हणजे तह झाला. ते भराभरा उतरले. आपला मालक खाली आणि आपण घोड्यावर, हे कसं शोभेल? आमच्या लोकांनी त्यांना उतरताना पाहिलं आणि तेही उतरले. तो ठेका ऐकून जोंधळ्यातून हळूहळू माणसं बाहेर यायला लागली. एक आमचा, एक त्यांचा, अशी मिळून मिसळून. कुणी कुणाला विचारतंय की झालं का, कुणी म्हणतंय झालं वाटतं. एकानं समोरच्याला ओळखलं, हा आपल्या आत्याचा मुलगा. दुसऱ्याला मेहुणा सापडला. एक जण तर सकाळपासून ज्याच्यावर भाला फेकत होता तो त्याच्या बायकोचा मामा निघाला, आणि तो बिचारा माफी मागत त्याच्या जखमेला हळद शोधत फिरत होता.

त्यांच्या सेनापतींनी हत्तीवरून विचारलं असेल काय चाललंय, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की थोरल्या गादीच्या हैबतरावांनी भेट घेतली, म्हणजे ते शरण आले. त्यांनी साखर वाटली. आमच्याकडच्या थोरल्या सरदारांना कुणीतरी सांगितलं की त्यांचा बयाजी घोड्यावरून उतरून पाया पडला, म्हणजे ते शरण आले. त्यांनीही साखर वाटली. एकाच माळावर दोन्ही फौजा विजयाची साखर खात बसल्या, आणि कुणी कुणाची चूक काढेना, कारण सगळ्यांनाच भूक लागली होती.

लढाईत माणसं गेली नाहीत असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी ओढ्याकाठी चिता पेटल्या. त्यांतल्या दोन आमच्याच गावच्या घरांतल्या होत्या, आणि त्या घरांतल्या बायकांजवळ बसून मी रडले. पण जेवढी माणसं जाणार होती तेवढी गेली नाहीत. टेकडीवर बसलेल्या प्रत्येक बाईला ते कळत होतं.

आमचे धनी जोंधळ्यातून सगळ्यांत शेवटी बाहेर आले. तलवारीला रक्ताचा टिपूस नाही, पण अंगभर कुसळं आणि धाटांचे ओरखडे. पुढं आयुष्यभर ते या लढाईतले आपले पराक्रम सांगत असत आणि मी हुं हुं करत ऐकत असे. खरी गोष्ट अशी, की त्यांची घोडी उधळून आत शिरली आणि दिवसभर त्यांना रानाबाहेर यायची वाट सापडली नाही.

उन्हं उतरताना मामंजी आणि बया टेकडी चढून वर आले. बया आत्याबाईंच्या पाया पडला. आत्याबाईंनी आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच जाब विचारला. मुराळी साडीचोळी घेऊन येतो, असा हात हलवत येत नाही, अशानं त्यांची सून जाणार नाही. सकाळी याच बाईला मुलाच्या काळजीनं दरदरून घाम फुटला होता, आणि आता तिला मानपान सुचत होता. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

बयानं खाली जाऊन खोगिराची पडशी आणली आणि उघडली. आत हिरवं लुगडं होतं, खणाची चोळी होती, आईनं केलेले डिंकाचे लाडू होते. लाडवांचा निम्मा भुगा झाला होता, पण होते. आत्याबाईंनी लुगड्याचा पदर बोटांत धरून बघितला, पोत बरा आहे म्हणाल्या, आणि मला न्यायची परवानगी दिली.

तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. आधी आमची छावणी लागली, मग त्यांची. दोन्हीकडच्या शिपायांनी गाडीला वाट दिली, आणि म्हादूनं बजावूनही न ऐकता परत तोच ठेका वाजवला.

वाटेत बया तांबड्या घोड्यावर गाडीच्या बाजूनं चालत होता. माणसं जरा मागे राहिल्यावर तो वाकून मला म्हणाला, "अक्का, तुला म्हणून सांगतो. मधली फळी मी सेनापतींच्या पाया पडून मागून घेतली. मामासाहेबांसमोर दुसरा कुणी गेला असता तर त्यानं त्यांना सोडलं नसतं. मी घरातून निघतानाच ठरवलं होतं, काही झालं तरी उतरायचं. म्हणून तर लुगडं बरोबर घेतलं."

"आणि तू उतरल्यावर त्यांनी तलवार घातली असती तर?"

"मग तुला लाडू मिळाले नसते," तो म्हणाला आणि हसला. मला मात्र रडू आलं. जरा वेळानं तो म्हणाला, "मामासाहेबांना हे कधी सांगू नकोस. मी जीवदान दिलं असं वाटेल त्यांना. मानी माणूस आहे, मरेपर्यंत खंत करील."

मी शब्द दिला. माहेरी पोचल्यावर आठ दिवसांनी मला मुलगा झाला.

बारशाला मामंजी स्वतः आले. धाकट्या गादीच्या मुलखात, दहा-वीस स्वार आणि बाळाच्या मनगटांसाठी सोन्याच्या बिंदल्या घेऊन. बाळाला मांडीवर घेऊन ते माझ्या खोलीत बसले होते. दाई बाहेर गेली तशी त्यांनी आवाज बारीक केला.

"सूनबाई, तुमच्यापाशी एक बोलायचं होतं. त्या दिवशी माझ्यामागे कुणी नव्हतं. लढलो असतो तर घटकाभरात संपलो असतो. म्हणून टोप काढला. म्हटलं, पोरानं माझं तोंड बघितलं पाहिजे. एकदा ओळखलं की तो माझ्यासमोर घोड्यावर बसून राहायचा नाही. लग्नाच्या पंगतीत मी उठेपर्यंत त्यानं घास घेतला नव्हता, हे माझ्या ध्यानात होतं. त्याच्या आईच्या शिकवणीवर मी माझं निशाण पणाला लावलं."

मी म्हटलं, "मामंजी, आणि त्यानं ओळखलं नसतं तर?"

"ओळखलं ना?" ते म्हणाले. मग बाळाच्या मुठीतून आपली मिशी सोडवत त्यांनी जपून दाराकडे पाहिलं. "पण त्याला हे सांगू नका. म्हाताऱ्यानं आपल्या चांगुलपणाचा फायदा घेतला असं वाटेल त्याला. मोठ्या मनाचा पोरगा आहे, उगाच दुखावेल."

मी त्यांनाही शब्द दिला. आता दोघंही राहिले नाहीत, म्हणून आज तोंड उघडलं.

त्या दुपारी पंगत बसली. मी बाळाला घेऊन दाराच्या आत पाटावर बसले होते आणि तिथून ओटी दिसत होती. मामंजी पहिल्या पानावर होते. बया तुपाचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर वाकला होता आणि आणखी एका पोळीचा आग्रह करत होता, मामंजी पानावर हात आडवा धरून नको नको म्हणत होते, आणि शेवटी त्यांनी हात काढून घेतला. बयानं तूप वाढलं. मग दोघांनीही एकदम माझ्याकडे बघितलं. एकमेकांच्या नकळत, दोघांनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

मला इतकं हसू आलं की बाळ दचकून जागं झालं. मी त्याला थोपटलं आणि दोघांनाही मान हलवून हो म्हटलं.